उपाशी साचा

१

कपड्यांच्या दुकानात काचेआड पुतळे उभे असतात, त्यांची तोंडं कुठून येतात हे कोणी विचारत नाही. लोक अंगावरचा सदरा बघतात, किंमत बघतात, आणि पुतळ्यापेक्षा वाईट तोंड करून पुढे जातात. ती तोंडं एक बाई करायची.

गल्लीच्या टोकाला घर होतं आणि घराला लागून पत्र्याच्या छपराचा कारखाना. कारखाना म्हणजे नुसती एक लांबट खोली. मध्ये दार. दाराच्या अलीकडे संसार, पलीकडे प्लास्टर. तशी प्लास्टरची धूळ संसारात यायचीच, चहात यायची, अंथरुणात यायची, लेकीच्या वेणीत यायची. तिला कोण अडवणार? धंदा सासूनं उभा केला होता. सासू गेली, तिचे दंडक मागे राहिले.

जिवंत माणसाचं तोंड घ्यायची रीत साधी आहे. तोंडाला तेल चोपडायचं, नाकपुड्यांत दोन नळ्या घालायच्या म्हणजे श्वास चालू राहतो, आणि वरून प्लास्टर थापायचं. घट्ट झालं की अलगद उचलायचं. हातात येतो तो साचा. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी वाट्या, हनुवटीच्या जागी खळगी. त्या खळग्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की माणसाचं तोंड बाहेर निघतं.

असे साचे तिच्या भिंतीवर ओळीनं टांगलेले असत, पोकळ बाजू खोलीकडे करून. नवखा माणूस आत आला की दचकायचाच. कारण लांबून बघितलं तर ते खळगे खळगे दिसत नाहीत. चांगली फुगीर, भरलेली तोंडं दिसतात, आणि माणूस जसा सरकेल तशी ती तोंडंही त्याच्याकडे वळतात. दोरे विकायला येणारा एक आडदांड माणूस तर पिशवी टाकून पळाला होता.

"अहो, काही नाही ते," ती हसून सांगायची. "डोळा लबाड असतो. जन्मभर त्यानं तोंड बाहेरच आलेलं बघितलंय. आत गेलेलं तोंड तो मान्यच करत नाही. जवळ जा आणि बोट घाला, बोट आत जाईल."

कोणी बोट घालत नसे.

साचा आणि माणूस ओळखायची सासूची खूण होती. दिवा वर असला की माणसाच्या नाकाची सावली नाकाखाली पडते. साच्यात ती वर पडते. हा पहिला दंडक. दुसरा असा, की तोंड घेतलं की त्याच दिवशी भरायचं. काही अडचण आली तर साचा पालथा घालायचा, वर फडकं टाकायचं. "उपाशी साचा उताणा ठेवायचा नाही," सासू म्हणायची. का, असं सुनेनं एकदा विचारलं होतं. सासूनं एवढंच म्हटलं, "तू उपाशी असताना तोंड उघडं टाकून बसतेस का चारचौघांत?"

वेडावाकडा होत असेल, सुनेनं मनाशी ठरवलं. हवा लागून.

२

एका दुकानदाराला नवं तोंड हवं होतं. "देखणं नको," तो म्हणाला. "देखणे पुतळे बघून गिऱ्हाईक बिचकतं. शेजारच्या घरात राहत असेल असं वाटणारं द्या."

वन्सं तिथेच कोरा चहा पीत होत्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी, नवरा गेल्यापासून एकटी. जीभ तिखट, पाय भिंगरी.

"देखणं नको ना?" वन्सं म्हणाल्या. "मग वणवण कशाला? हा माझा भाऊ बसलाय की समोर."

नवरा हसला. हसला की त्याचं नाक जरा डावीकडे कलायचं. माणूस भला. पेपर वाचत जेवायचा, पेपर वाचत भांडायचा, लग्नानंतर बायकोच्या तोंडाकडे त्यानं धड कधी बघितलं नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. बघत बसणारे नवरे तिनं शेजारीपाजारी पुष्कळ पाहिले होते.

दुपारी त्याचं तोंड घेतलं. प्लास्टर छान बसलं. साचा उचलून तिनं टेबलावर ठेवला, भरण्यासाठी घमेल्यात पाणी घेतलं, आणि फोन वाजला. शाळेतून. लेक लोखंडी शिडीवरून पडली होती. लेक आठ वर्षांची, खारीसारखी चढायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. हनुवटी फुटली होती.

दोघंही धावले. तो तर कानात प्लास्टर घेऊनच धावला. दवाखाना, टाके, रडारड, मग रात्री ताप. मुलीच्या हनुवटीवर पांढरी पट्टी आली आणि घरात सगळ्यांच्या डोक्यात तेवढीच पट्टी राहिली.

सकाळी तिनं कारखान्याचं दार उघडलं तेव्हा साचा टेबलावर होता. उताणा, उघडा.

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी चुकत होतं आणि काय ते तिला सांगता येईना. मग कळलं. भिंतीवरचे सगळे साचे रोजच्यासारखे तिच्याकडे वळलेले होते. हा वळत नव्हता. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. तो आपला खळगाच दिसत राहिला, सरळ, प्रामाणिक, वाटीसारखा खळगा. जन्मात पहिल्यांदा एका साच्यानं तिच्या डोळ्याला फसवलं नाही.

उजेडाचा फरक, ती म्हणाली. आणि नेहमीसारखं भरावं म्हणून पोत्यात हात घातला तर लेकीनं आतून हाक मारली.

३

स्वयंपाकघरात टेबलाच्या बरोबर वर दिवा टांगलेला होता. आभाळ भरलेलं असल्यानं सकाळीच लावावा लागला. नवरा चहा घेऊन बसला होता. खारू शाळेला जाणार नव्हती, पण शाळा तिला सोडायला तयार नव्हती. वही उघडी होती.

"आई, अंतर्वक्र म्हणजे काय गं? उदाहरणं लिहायचीत."

"आत वळलेलं. खोलगट. चमचा घे. तू खातेस ती बाजू अंतर्वक्र. उलटी बाजू बहिर्वक्र."

खारूनं चमचा तोंडासमोर धरला. "मी उलटी दिसते! अजून सांग."

"दाढीचा आरसा. दातांच्या डॉक्टरचा आरसा. गाडीच्या दिव्यामागची वाटी. पायाच्या तळव्याचा मधला भाग, ओल्या फरशीवर जो उमटत नाही तो. ओंजळ."

"आणि आपले साचे?"

"तेही."

"त्यांचा उपयोग काय, तेही लिहायचंय."

तिनं विचार केला. "पसरलेलं असेल ते एका जागी गोळा करणं. उजेड म्हण, पाणी म्हण, आवाज म्हण. खोलगट वस्तू जे मिळेल ते मध्यात ओढून घेते."

"आणि ठेवून घेते," नवरा म्हणाला.

त्याचा आवाज बसला होता. माठात तोंड घालून बोलावं तसा. सर्दी झाली, तिला वाटलं, काल ओल्या तोंडानं धावत गेला म्हणून. तिनं मान वर केली.

तो तिच्याकडे बघत होता. पेपर शेजारी घडी घातलेलाच होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठे काय?" तो हसला. नाक जरा उजवीकडे कललं.

तिनं साखरेचा डबा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं, जसं ती गिऱ्हाइकाच्या मालाकडे बघायची तसं. दिवा वर होता. नाकाखालचा भाग, मिशीची जागा, लख्ख उजेडात होती. सावली नाकाच्या वर होती. दोन भुवयांच्या मध्ये, ओल्या काजळासारखी.

त्यानं कप तोंडाला लावला. कप जरा जास्तच आत गेला असं तिला वाटलं.

४

डोळा लबाड असतो, हे दुसऱ्यांना सांगणारी बाई ती. स्वतःला सांगायला तिला काय जड होतं? रात्रभर जागरण, लेकीचा ताप, भरलेलं आभाळ. तरी तो दिवस आणि पुढचे काही दिवस तिनं त्याच्या शेजारी उभं राहणं टाळलं. तो काही वाईट वागत नव्हता. उलट शहाण्यासारखा वागत होता. पेपर नाही, वाद नाही. लेकीला मांडीवर घेऊन बसायचा. बसायचा आणि बघायचा.

शेवटी तिनं वन्संना सांगितलं. सगळं नाही. एवढंच की हे सारखे माझ्याकडे बघतात.

वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला. "अगं बाई! नवरा बघतो म्हणून तक्रार? माझ्या नवऱ्यापुढे मी दाराशी उभी राहिले असते तरी त्यानं कामवाली समजून किल्ली दिली असती! आणि तुझं असं चाललंय."

"तुम्ही एकदा येऊन बघा."

"येते. पण चहा चांगला कर. मागच्या वेळी प्लास्टर होतं त्यात."

नवरा टेबलापाशी बसून एका कुंचल्याला नवी मूठ बसवत होता. ती ओट्याशी उभी राहिली, त्याच्या डाव्या हाताला. वन्सं दारात उभ्या राहिल्या, उजव्या हाताला. मध्ये अख्खी खोली.

"काय रे, बायकोला नजर लावतोस म्हणे?" वन्संनी आवाज चढवला.

"लावतो की," तो म्हणाला आणि हात चालू ठेवला.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आत्ता ते कुणाकडे बघतायत?"

"कुणाकडे म्हणजे? माझ्याकडे. मी बोलतेय ना त्याच्याशी."

"नीट बघा."

"अगं, डोळे फुटलेत का माझे? सरळ माझ्याकडे बघतोय."

 तिच्याकडे नवऱ्याचं अख्खं तोंड होतं, दोन्ही कान दिसत होते, दोन्ही डोळे तिच्या डोळ्यांत होते. वन्संनी भावजयीच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. हुशार बाई. त्या एक पाऊल आत आल्या. मग भिंतीकडे एक पाऊल. त्याची मान हलली नाही, शर्टाची कॉलर हलली नाही, खांदे कामात वाकलेलेच राहिले.

वन्संच्या हातातली छत्री जमिनीवर टेकली आणि टकटक वाजायला लागली. 

"चहा ओतू का?" तिनं विचारलं.

"नको. गॅसवर दूध ठेवून आलेय."

वन्संच्या घरी दूध नसायचं. दुधाचा वाससुद्धा त्यांना चालत नसे.

दाराबाहेर जाताना त्यांनी तिचा दंड धरला. जीभ तिखटच होती अजून, पण आवाज उरला नव्हता. "मी काही बघितलं नाही आणि मला काही सांगू नकोस. पण पोरीला माझ्याकडे पाठव. आजच्या आज. ऐकतेस का?"

५

ती आधी कारखान्यात गेली. चूक झाली ती इथे झाली, आणि जिथे झाली तिथेच निस्तरायची, एवढी अक्कल तिला होती. भरायचं राहिलं होतं, भरून टाकायचं. उशिरा का होईना. सासूचा आत्मा शांत आणि आपलं डोकंही.

साचा अजून टेबलावर तसाच होता. तिनं घमेल्यात प्लास्टर कालवलं आणि साबणाचं पाणी केलं. ओतण्याआधी साच्याला आतून साबणाचा हात द्यावा लागतो, नाहीतर प्लास्टर प्लास्टरला चिकटून बसतं. तिनं कुंचला कपाळातून फिरवला, गालांतून फिरवला. साचा कोमट लागला. पत्रा तापतो, ती म्हणाली. बाहेर पाऊस पडत होता.

मग कुंचला नाकाच्या खड्ड्यात घातला आणि बाहेर काढला.

खड्ड्याच्या तळाशी, एका नाकपुडीच्या जागी, साबणाचा बुडबुडा उभा राहिला. करवंदाएवढा. तो फुगला. मग आकसला. मग पुन्हा फुगला.

ती बघत राहिली. प्लास्टरमध्ये हवा अडकलेली असते, ती बाहेर येते, तिनं हजारदा बघितलं होतं. पण अडकलेली हवा एकदाच बाहेर येते. ती पुन्हा आत जात नाही.

बुडबुडा फुटला. त्याच्या जागी दुसरा आला.

तिनं तोंड खाली नेलं, खळग्याच्या अगदी काठाशी, आणि नवऱ्याला मारायची तशी हाक मारली. "अहो?"

बुडबुडा थांबला. फुगलेलाच थांबला. श्वास रोखून कोणी ऐकावं तसा.

भरलेलं घमेलं तिच्या हाताशी होतं. ते तिनं दूर ढकललं. मग तिनं जे केलं त्याला कोणी वेड म्हणेल तर म्हणो. तिनं फळीवरून दोन नळ्या काढल्या, श्वासाच्या, आणि त्या नाकपुड्यांच्या दोन भोकांत नीट बसवल्या. नळ्यांतून बारीक शीळ यायला लागली. येत, जात. येत, जात. डाव्या नळीत जरा घरघर होती. तिच्या नवऱ्याची डावी नाकपुडी कायम चोंदलेली असायची.

म्हणजे हे भरलं तर तो गेला. आणि हे असंच ठेवलं तर दाराच्या अलीकडे मांडीवर लेक घेऊन बसलाय तो कोण?

६

घरात शांत होतं. कुंचला अजून तिच्या हातात होता, टाकायचं भान राहिलं नव्हतं. आतल्या खोलीत तो झोपला होता. दुपारची झोप, उताणा, हात पोटावर. त्याच्या कुशीत खारू, डोळे टक्क उघडे.

ती पलंगाशी वाकली आणि कुंचल्याचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला.

उताण्या माणसाच्या कपाळावर थेंब पडला की तो कानाकडे ओघळतो. हा ओघळला नाही. तो भुवयांच्या मध्ये आला, तिथे क्षणभर थबकला, आणि नाकावर चढायला लागला. तिच्या डोळ्यांदेखत पाणी नाक चढलं, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत, आणि शेंड्यावर जाऊन थांबलं. तिनं कुंचला झटकला. आणखी थेंब पडले. गालांवरून, हनुवटीवरून ते वर चढत गेले आणि नाकाच्या शेंड्याभोवती पाण्याचं लहानसं तळं जमलं.

डोळा अजूनही सांगत होता की हे बाहेर आलेलं तोंड आहे. डोळ्याचं ऐकायचं तिनं सोडून दिलं.

"आई," खारू कुजबुजली, "बाबांना उठवू नको ना. ते छान झालेत आता."

"छान म्हणजे?"

"मी त्यांच्या तोंडावर तोंड ठेवलं ना, की अगदी बसतं. नाक नाकात बसतं. आत अंधार असतो आणि समुद्रासारखा आवाज येतो."

 "कधी ठेवलंस?"

"रोजच. बाबाच म्हणतात, ये, ठेव. काल तर मी तशीच झोपले."

पट्टीच्या कडेला पांढरी धूळ होती. तिनं लेकीला उचललं, पायात चपला कोंबल्या, छत्री दिली आणि दारातून वन्संच्या घराकडे पिटाळलं. "पळत जा. मागे बघू नकोस."

मग ती कारखान्यात गेली आणि पहिलं घमेलं घट्ट होत आलं होतं म्हणून दुसरं कालवायला घेतलं. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरात पाणी नाही. गुठळी राहू द्यायची नाही. हात शिकवल्यासारखे काम करत होते. सासू म्हणाली होती भरायचं. कुठला खळगा ते तिनं सांगितलं नव्हतं.

मी चुकत असेन तर, ती चालता चालता म्हणत होती, मी चुकत असेन तर तो शिंकेल. उठेल. शिव्या घालेल. घालू दे. जन्मभर घालू दे.

त्याच्या उशाशी उभी राहून तिनं घमेलं कलतं केलं.

प्लास्टर कुठेही ओघळलं नाही. उशीवर नाही, कानावर नाही. ते आत गेलं. सायीसारखं, सावकाश, नाकापासून वर भरत आलं, ओठ बुडाले, गाल बुडाले. बुडण्याआधी डोळे उघडले. तिच्याकडेच बघत होते, पण त्यात राग नव्हता. जेवायला बसलेल्या माणसाचं समाधान होतं.

तिनं काठोकाठ भरलं आणि सवयीनं तळहातानं सपाट केलं. घट्ट होताना प्लास्टर तापतं. ते तापलं. मग मात्र तिच्याच्यानं बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पाठीमागे कोणीतरी शिंकलं.

"अगं, काय लावलंयस हे? माणसाला झोपू देशील की नाही? पेपर कुठाय माझा?"

आवाज माठातला नव्हता. ती वळली. तो उठून बसला होता, भुवया पांढऱ्या, तोंड धुळीनं माखलेलं. खिडकीतला उजेड वरून येत होता आणि सावली नाकाखाली होती. तो वैतागून हसला आणि नाक डावीकडे कललं. मग तिच्याकडे न बघता तो पेपर शोधायला लागला.

ती जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

७

रडून झाल्यावर तिला संताप आला. ती कारखान्यात गेली. साच्यातल्या नळ्या खाली पडल्या होत्या. शीळ नव्हती. साचा आता नुसता कोरडा खळगा दिसत होता. सगळं जागच्या जागी आलं, ती म्हणाली. तो जरा लहान वाटला. वाळलं की आकसतं, तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तिला पक्कं ठाऊक होतं की प्लास्टर आकसत नाही.

उचलताना हनुवटीच्या खळगीत तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. बारीक, उभ्या रेघांची ओळ. कुंचल्याचे केस चिकटले असतील. तिला थांबायचं नव्हतं. तिनं साचा फरशीवर ठेवला, लाकडी हातोडा घेतला आणि तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, आणि त्यांची भुकटी होईपर्यंत ती थांबली नाही.

दिवेलागणीला वन्सं खारूला घेऊन आल्या. फाटकापर्यंतच आल्या. पोरीचा हात त्यांनी धरलेला नव्हता. छत्रीचं टोक तिच्या पाठीशी लावून तिला पुढे चालवत आणलं होतं, गुरं आणावीत तसं.

"वन्सं, आत या ना! हे बरे झालेत. चहा करते."

"तुझी पोर तू सांभाळ," वन्सं म्हणाल्या. एवढंच. आणि मागे वळून न बघता त्या भराभर निघून गेल्या.

रुसल्या असतील. त्यांचं रोजचंच होतं.

स्वयंपाकघरात दिवा लावला. टेबलाच्या एका टोकाला नवरा बसला, पेपर उघडून, तिच्याकडे पाठच जवळजवळ. दुसऱ्या टोकाला ती, भाजी निवडत. मध्ये खारू, वही घेऊन. किती दिवसांनी घर घरासारखं झालं होतं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पेपराचं पान उलटलं की सळसळायचं, आणि तो आवाज ऐकून तिला वाटलं, यापुढे पेपरावरून भांडायचं नाही.

"खारू," नवरा पेपराआडून म्हणाला, "वहीत बघ ना. मघापासून माझ्याकडे काय बघत बसलीयस?"

तिचा भाजीवरचा हात थांबला.

तिनं मान वर केली. लेक तिच्याकडे बघत होती. टेबलाच्या या टोकाकडे, सरळ, अख्खं तोंड करून. दोन्ही कान दिसत होते.

"मी वहीतच बघतेय, बाबा," खारू म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

हनुवटीवरची पट्टी निघून गेली होती. टाके दिसत होते. बारीक, उभ्या रेघांची ओळ. दिवा वर होता, बरोबर डोक्यावर. नाकाकडे बघायचं तिनं टाळलं.

भाजी तशीच टाकून ती उठली, मधलं दार उघडून कारखान्यात गेली आणि फरशीवर गुडघे टेकून ती भुकटी दोन्ही हातांनी गोळा करायला लागली. ओंजळीत घ्यायची, तोंडाजवळ न्यायची, कान लावायची.

"अगं, आता काय शोधतेयस अंधारात?" आतून नवऱ्यानं विचारलं.